बाळाला जुलाब लागलेत? एवढं हाताशी ठेवा

आठ महिन्यांच्या, एरवी खेळत्या बाळाला दिवसातून चार-पाचदा पाण्यासारखी शी झाली की घरातले पहिलं औषध शोधतात. खरं तर बाळाच्या अंगातून गेलेलं पाणी आणि क्षार आधी भरून काढायचे असतात, म्हणून पहिली वस्तू ओआरएसची पुडी. ती आशाताईंकडे फुकट मिळते. मेडिकलमधून आणलीत तर ‘डब्ल्यूएचओ फॉर्म्युला’ लिहिलंय का पाहा. खोक्यातली गोड पेयं आणू नका, जास्त साखरेनं जुलाब वाढतात.

सोबत एक लिटरची स्वच्छ बाटली हवीच. पहिल्या वेळी मी अंदाजानं अर्धी पुडी पेलाभर पाण्यात ढवळली होती. डॉक्टरांनी ते ओतून टाकायला लावलं. घट्ट ओआरएसमुळे बाळाच्या रक्तात मीठ वाढून धोका होतो. मोठी पुडी अख्खी एक लिटर पाण्यात, 200 मिलीची छोटी 200 मिली पाण्यातच. पाणी उकळून गार केलेलं. वरून साखर, दूध काही नको. 24 तासांनी उरलेलं फेकायचं.

पाजायला वाटी-चमचा उकळून ठेवा, दुधाची बाटली नको. दर पातळ शीनंतर 50 ते 100 मिली, चमच्याचमच्यानं. ओकलं तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. बाळ मांडीवर पेंगत असतं, तरी ओठाला चमचा टेकला की जीभ पुढे येते. मग हात घाई करतो, ती करू नका. अंगावरचं दूध सुरूच ठेवा. मऊ भात, मुगाचं वरण, कुस्करलेलं केळंही चालतं; पोटाला आराम म्हणून उपाशी ठेवू नका.

झिंकच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून आणा. सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज 20 मिलिग्रॅम, 14 दिवस, जुलाब थांबले तरी. मोठ्यांची जुलाब थांबवायची गोळी मात्र चुकूनही नको, आणि गुटीही नको. ‘दात येताहेत, होतंच’ म्हणून दुर्लक्षही करू नका.

जास्तीची दुपटी, साबण, खोबरेल, थर्मामीटर काढून ठेवा. पाळण्याशेजारी वही-पेन ठेवा: शी किती वाजता, शू किती वाजता. सहा तास शू नाही, डोळे किंवा टाळू खोल गेली, बाळ मलूल पडलं, काही पीत नाही, सारखं ओकतंय, शीत रक्त दिसलं किंवा ताप चढला, तर घरी थांबू नका. बाळ दोन महिन्यांहून लहान असेल तर यातलं काही दिसायचीही वाट पाहू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या. त्यासाठी फाईल, दुपटं आणि तयार ओआरएसची बाटली पिशवीत भरून दाराशी ठेवा. गाडी नसेल तर 108 लावा आणि वाटेतही चमचा चालू ठेवा.