ढिगातलं लाकूड ओळखा, पण सालीवर विसंबू नका

बांधावरच्या झाडांची छाटणी उरकली की जळणाचे ढीग लागतात. ओंडक्यांना ना पानं उरलेली, ना शेंगा, आणि उन्हाधुळीने सगळे सारखेच राखी झालेले. पाऊस पडायच्या आत त्यांची वर्गवारी करून घ्या. हलकं लाकूड ओल पटकन धरतं, आधी कुजतं आणि खाली दबलेल्या चांगल्या फाट्यांनाही वाळू देत नाही.

जात कळून फायदा काय? पूर्ण वाळलेलं कुठलंही लाकूड वजनाने घेतलं, तर किलोमागे उष्णता जवळपास सारखीच मिळते, साधारण ४,५०० किलोकॅलरी. फरक आहे तो भरीवपणात. वाळलेल्या बाभळीचं एक घनमीटर भरीव लाकूड ८०० किलोच्या आसपास भरतं, काटेसावरीचं जेमतेम ३५०. ढीग तेवढाच, जळण निम्म्याहून कमी. वजनावर घेणाऱ्याने ओलही बघावी, कारण ताज्या तोडीच्या लाकडात निम्मं वजन पाण्याचंच असू शकतं.

ओळखायला सुरुवात टोकापासून करा. करवतीने कापलेलं टोक तुसांनी भरलेलं असतं, त्यात काही दिसत नाही. धारदार कोयत्याने किंवा पटाशीने टोकाचा रुपयाएवढा भाग गुळगुळीत तासा आणि ओलं बोट फिरवा. राखी रंग जाऊन खरा रंग वर येतो, बाहेरचं फिकट लाकूड आणि आतला गाभा वेगळे दिसू लागतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग असेल तर सुईच्या टोकाएवढी छिद्रंही मोजता येतात.

आता रंग वाचा. बाभळीचा गाभा ताजा असताना गुलाबीसर असतो, हवा लागली की तांबूस-तपकिरी होतो. चिंचेत फिकट पिवळसर भागच जास्त, मधोमध वेडावाकडा काळपट-जांभळट गाभा. तोही लहान, आणि कोवळ्या लाकडात बहुधा नसतोच. सागाची वलयं नुसत्या डोळ्यांनी दिसतात, कारण प्रत्येक वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग असते. तासल्यावर चामड्यासारखा वास येतो. वड, पिंपळ, उंबर या मंडळींत टोकावर फिकट-गडद पट्ट्या एकाआड एक दिसतात. बिबळा असेल तर गंमत बघा: गाभ्याच्या चार ढलप्या पाण्यात टाका, थोड्या वेळाने पाणी पिवळसर होतं आणि उन्हात तिरकं धरलं की निळी झाक मारतं.

सालीबद्दल माझं मत जरा कडक आहे. एकाच झाडाची साल बुंध्याला एक आणि फांदीला दुसरी असते. जुनी बाभूळ काळपट, उभ्या खोल भेगांची. तिचीच कोवळी फांदी बरीच गुळगुळीत. तरी काही साली फसवत नाहीत. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी तुकड्यांत फाटते. खैराच्या सालीचे अरुंद लांब पापुद्रे सुटतात, आतून लालसर दिसतात. निलगिरीच्या बऱ्याच जातींची साल लांब पट्ट्यांनी सोलून निघते. कोवळ्या सावरीवर शंकूसारखे काटे असतात. पांगाऱ्यालाही काटे असतातच, तेव्हा काट्यावरून नाव पक्कं करू नका. जळण म्हणून दोन्ही हलकीच.

सर्वांत जास्त घोळ बाभूळ-सुबाभळीचा. साल निघून गेलेला सुबाभळीचा जुना ढीग मी एकदा बाभूळ म्हणून घरी आणला होता, गाभ्याचा तांबूसपणा पाहून फसलो. सारख्या मापाचे दोन वाळके तुकडे दोन हातांत धरले असते तर तिथेच कळलं असतं, सुबाभूळ बरीच हलकी लागते. साल शिल्लक असेल तर काम आणखी सोपं: सुबाभळीची पातळ, करडी आणि बारीक ठिपक्यांची. ओली बाभूळ फोडताना कुऱ्हाडीच्या पात्यावर निळसर-काळा डाग पडतो, तो तिच्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्याचा. खैर आणि ऐनही असाच डाग पाडू शकतात, म्हणून डाग हा पुरावा नव्हे, जोडपुरावा.

टोकाशेजारी बारीक भोकं आणि खाली मैद्यासारखी भुकटी दिसली, तर घुण लागला आहे. तो बहुतेक बाहेरच्या फिकट लाकडातच असतो. असे ओंडके वेगळे काढून आधी जाळा, घराच्या वाशांजवळ रचू नका.

दोन झाडं मात्र ढिगात येऊच देऊ नका. बिब्ब्याचा काळा चीक अंगावर फोड आणतो. साल कापल्यावर काळं पडणारं द्रव दिसलं तर हात लावायच्या आधी थांबा. दुसरं कण्हेर. तिचे सगळेच भाग विषारी, चुलीत तर नाहीच, तिच्या काडीवर काही भाजूही नये.

ओळख पटलेल्या ओंडक्याच्या टोकावर लगेच गेरूने खूण करा, कारण पुन्हा धूळ बसली की तासणं आलंच. जड लाकूड फोडून ठेवा, अखंड बुंधा आतून लवकर वाळत नाही. रास जमिनीपासून वीतभर उंच, वरून झाकलेली आणि बाजूंनी वारा खेळणारी हवी. दोन फाट्या एकमेकींवर आपटल्यावर ठणठणीत आवाज आला की त्या चुलीजोग्या झाल्या; आवाज बद्द आला तर अजून ऊन दाखवा.