वैशाखाच्या उन्हात शिजलेले अन्न कसे सांभाळावे

तापमान आणि जिवाणू यांचे नाते विरजण लावणाऱ्या प्रत्येक घरात पुस्तकाशिवाय कळलेले असते. पौषात दुधाच्या गंजाला घोंगडी गुंडाळून धान्याच्या कोठीजवळ ठेवले तरी सकाळी दही पातळच निघते, आणि वैशाखात तेच दूध चार-पाच तासांत लागून संध्याकाळपर्यंत आंबट होऊन जाते. दह्याचे जिवाणू आपल्या उपयोगाचे आहेत, एवढाच फरक. जी ऊब त्यांना मानवते, तीच भातात, वरणात आणि रश्श्यात शिरलेल्या इतर जिवाणूंनाही मानवते, आणि ते आपल्या उपयोगाचे नसतात.

या सगळ्या विषयात दोन आकडे पाठ असावेत: ५ अंश आणि ६० अंश सेल्सिअस. ५ च्या खाली बहुतेक रोगकारक जिवाणूंची वाढ जवळजवळ थांबते, ६० च्या वर ती होत नाही, आणि या दोहोंच्या मधला पट्टा धोक्याचा असतो. मधल्या पट्ट्यातही ३० ते ४५ अंशांचा भाग सर्वांत वाईट, कारण तिथे काही जिवाणू दर २० मिनिटांनी दुप्पट होतात. एका वरणात हजार जिवाणू आहेत असे धरले, तर दोन तासांत ते ६४ हजार होतात आणि चार तासांत ४० लाखांच्या पुढे जातात. पहिल्या दोन तासांपेक्षा नंतरचे दोन तास कितीतरी महाग पडतात ते यामुळे. शिजलेले अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एक तासच ठेवावे, हा नियम याच हिशेबातून आलेला आहे.

आता अडचण अशी की स्वयंपाकाच्या बहुतेक पुस्तकांत ‘अन्न खोलीच्या तापमानाला निवू द्यावे’ असे लिहिलेले असते. ते ज्या गावी बसून लिहिले जाते, तिथली खोली २५ अंशांची असावी. अकोला, नागपूर, चंद्रपूर, ब्रह्मपुरी या भागांत मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास किंवा वर जातो आणि पत्र्याच्या घरात दुपारी ४० अंश ही साधी गोष्ट असते. अशा घरात चुलीवरून उतरवलेला गंज आपोआप निवतो, तो नेमका जिवाणूंच्या आवडीच्या तापमानापर्यंत येऊन तिथेच थांबतो. म्हणून आपल्याकडे अन्न ‘निवू देणे’ सोडून ते ‘निववणे’ शिकावे लागते.

सुरुवात शिजवण्यापासून करावी. अन्नाचा मध्यभाग किमान ७० अंशांपर्यंत तापला पाहिजे. वरण, भाजी, रस्सा यांना सगळीकडून उकळी फुटली की हे काम झालेले असते. मटण आणि कोंबडीच्या बाबतीत मात्र रश्शावर सावजी तर्री आली म्हणजे आतला तुकडा शिजला असे समजू नये. मोठा तुकडा हाडापाशी कापून पाहावा आणि आत गुलाबी दिसल्यास आणखी शिजवावा. पंगतीचा स्वयंपाक वरचेवर करणाऱ्यांनी टोकदार दांडीचा अन्नाचा थर्मामीटर घेऊन ठेवावा, कारण अंदाज आणि आकडा यांत किती अंतर पडते ते पहिल्याच लग्नात दिसून येते.

वाढणे लांबणार असेल, आणि आपल्याकडच्या लग्नात ते लांबतेच, तर गंज चुलीवरून उतरवू नये. खाली निखारे राहू द्यावेत, झाकण ठेवावे आणि अधूनमधून तळापासून ढवळावे, म्हणजे वरचा थरही ६० च्या खाली जाणार नाही. वाफ दिसत नाही आणि पळी घातल्यावर बोटाला चटका बसत नाही, असे अन्न धोक्याच्या पट्ट्यात आले असे समजून पुन्हा उकळी आणावी. दुसरा उपाय अधिक सोपा आहे, पण आचाऱ्यांना तो पटत नाही: पाचशे माणसांचा भात एकदम न शिजवता पंगतीगणिक शिजवावा.

खरी चूक होते ती उरलेल्या अन्नाच्या बाबतीत. दहा किलो तांदळाच्या भाताचा ढीग बाहेरून गार लागतो, पण त्याच्या पोटात कित्येक तास ऊब टिकते. भंडारा-गोंदियाच्या धानाच्या पट्ट्यात ज्यांचे दोन्ही वेळचे जेवण भातावर आहे, त्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. तांदळात बॅसिलस सेरिअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते शिजवण्याने मरत नाहीत, भात कोमट झाला की उगवतात आणि वाढताना एक विष सोडतात. मटणाच्या मोठ्या गंजात हेच काम क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स करतो. त्याला हवा नकोच असते, आणि साधारण ४३ ते ४७ अंशांना तो सर्वांत वेगाने वाढतो, म्हणजे घट्ट रश्श्याचा तळ त्याच्यासाठी आयता सजवलेला असतो.

निववण्याचे माप असे आहे: पहिल्या दोन तासांत अन्न ६० वरून २१ अंशांवर आले पाहिजे आणि पुढच्या चार तासांत ५ अंशांवर. त्यासाठी भात परातीत किंवा स्वच्छ ताटांत दोन-तीन बोटांच्या थराने पसरावा आणि वर माश्या बसू नयेत इतपत पातळ, कोरडे फडके टाकावे. वाफ आत कोंडते, त्यामुळे या वेळी घट्ट झाकण ठेवू नये. वरण आणि रस्सा लहान भांड्यांत वाटून ती भांडी पाण्याच्या घमेल्यात बसवावीत, सतत ढवळावीत आणि पाणी कोमट झाले की बदलावे. टाकीचे पाणी दुपारी स्वतःच तापलेले असते, म्हणून विहिरीचे किंवा रांजणातले पाणी वापरावे. बर्फाची लादी मिळाल्यास ती घमेल्यात टाकावी, गंजात कधीही टाकू नये, कारण लादीचा बर्फ खाण्याच्या पाण्याचा असेलच असे नाही.

वाफ निघून गेली की अन्न फ्रिजमध्ये ठेवावे. फ्रिजही सर्वशक्तिमान नाही. गरम गंज आत ठेवल्यास शेजारचे दूधही तापते आणि लिस्टेरियासारखे काही जिवाणू ४ अंशांनाही हळूहळू वाढतात, म्हणून शिळे अन्न दोन-तीन दिवसांत संपवावे. वीज गेल्यास दार न उघडलेला फ्रिज सुमारे चार तास थंडी धरतो. बाहेर ४४ अंश असताना आणि घरात मुले असताना मी तीनच तास धरतो.

फ्रिज नसलेल्या घरात माठाच्या युक्तीचा उपयोग होतो, पण तिची मर्यादा माहीत असावी. भांडे ओल्या पोत्यात गुंडाळून वाऱ्याच्या जागी ठेवले, तर कोरड्या हवेत पाणी उडून भांडे बाहेरच्यापेक्षा बरेच थंड राहते. तरी ते ५ अंशांवर येत नाही, पंचविशीच्या आसपास राहते. त्यामुळे वाढ मंदावते, पण थांबत नाही. दूध उकळून एका वेळेपुरते टिकवायला एवढे पुरते, भात रात्रभर ठेवायला पुरत नाही. मृग बरसला की हवा दमट होते आणि कूलर निकामी होतो त्याच कारणाने हे पोतेही निकामी होते.

शिळे अन्न गरम करताना त्याला सगळीकडून उकळी किंवा कडक वाफ आणावी, आणि हे एकदाच करावे. मात्र गरम केल्याने सगळे धुऊन निघते हा समज चुकीचा आहे. उकळीने जिवाणू मरतात, पण त्यांनी आधीच सोडलेले विष मरेलच असे नाही. बॅसिलस सेरिअसचे उलटी घडवणारे विष १२१ अंशांनाही टिकते, म्हणजे कुकरच्या शिट्ट्यांना ते दाद देत नाही. हाताला गळू किंवा चिघळलेली जखम असलेल्याने अन्न हाताळल्यास त्यात उतरणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरिअसचे विषही उकळीला पुरून उरते, म्हणून अशा माणसाला लाडू वळायला किंवा भात मोकळा करायला बसवू नये. फोडणीच्या भाताविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. रात्रभर तो भात कुठे होता, एवढाच प्रश्न आहे.

वावरात न्यायच्या डब्याचे गणित वेगळे आहे. सकाळी सातला भरलेला डबा एकला उघडला जातो, म्हणजे सहा तास उलटलेले असतात. जिवाणूंना ओल लागते, म्हणून ज्वारीची भाकर, जवसाची चटणी आणि कांदा हे जेवण उन्हात टिकते, तर वरण-भात, बटाट्याचा रस्सा आणि दुधाचे पदार्थ टिकत नाहीत. डबा मोटारसायकलला किंवा बंडीला उन्हात टांगून न ठेवता धुऱ्यावरच्या झाडाच्या सावलीत ओल्या फडक्यात ठेवावा आणि ओले पदार्थ आधी खाऊन घ्यावेत.

संशयाचे अन्न वास घेऊन किंवा चाखून पारखू नये, कारण वास बदलवणारे जिवाणू आणि आजारी पाडणारे जिवाणू बहुधा वेगळे असतात. अशा अन्नानंतर एक ते सहा तासांत उलट्या किंवा सहा ते चोवीस तासांत पोटात मुरडा आणि हगवण सुरू झाल्यास ओआरएसचे पाणी घोट घोट देत राहावे. रक्त पडणे, ताप येणे किंवा लघवी कमी होणे दिसल्यास प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. लहान मूल, म्हातारे माणूस किंवा गरोदर बाई असेल तर तेवढीही वाट पाहू नये. राहिला पंगतीत उरलेला भात. तो गायी-बैलांपुढे ओतण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण भाताचा किंवा पोळ्यांचा मोठा ढीग एकदम खाल्ल्याने जनावराच्या पोटात आम्ल वाढून ते दगावूही शकते, म्हणून खराब झालेला भात सगळाच्या सगळा उकिरड्यात टाकून वर माती ओढावी.