शरदातले संकल्प फराळाच्या आधीच का मोडतात? या चुका टाळा

यंदा घट बसतात ११ ऑक्टोबरला, रविवारी. हिशेबाच्या धंद्यातल्या माणसाला ही तारीख वेगळ्याच कारणाने पाठ असते: दर महिन्याला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या तपशिलाचं जीएसटी रिटर्न, भरायचा शेवटचा दिवस. दसरा २० तारखेला, म्हणजे नेमका जीएसटीआर-३बीच्या, कर भरायच्या रिटर्नच्या, शेवटच्या दिवशी. मी सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघते. यंदा देवीच्या माळा घरचे मोजतील, मी पावत्या मोजेन.

आणि नेमक्या याच दिवसांत आपल्याला संकल्प सुचतात. पाऊस ओसरलेला असतो, आभाळ धुऊन ठेवल्यासारखं दिसतं, घर झाडून पुसून काढलेलं असतं, वाटतं आता आपणही जरा नीट व्हावं. चालायला जाऊ, काहीतरी शिकू, चार पैसे बाजूला टाकू. भाऊबीज होईपर्यंत यातलं काय उरतं ते तुम्हालाही ठाऊक आहे. माझं गेली तीन वर्षं काहीही उरलं नव्हतं. यंदा मात्र कुठे कुठे घसरले ते एका कागदावर लिहून काढलं. तो कागद तुमच्यापुढे ठेवते.

गेल्या वर्षीचा अंदाज यंदा वापरणं

ही चूक सगळ्यात साधी आणि यंदा सगळ्यात महाग पडणारी. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला होता आणि लक्ष्मीपूजन २१ ला. तेच डोक्यात ठेवून बरेच जण म्हणतायत, "ऑक्टोबर गेला की मोकळे." पण यंदा उन्हाळ्यात अधिक ज्येष्ठ येऊन गेला, त्यामुळे सगळे सण १८ दिवस पुढे सरकलेत. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. शाळांची सहामाही दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर असते, म्हणजे मुलांचा अभ्यासही पुढे सरकला. कार्तिकी एकादशी नोव्हेंबरच्या विशीत. सासरचं कुणी वारीला निघणार असेल तर तो आठवडाही तुमचा नाही.

उपाय काही मोठा नाही. स्वयंपाकघरातलं कॅलेंडर खाली काढा, तेच, ज्याच्यावर दुधाच्या खाड्याची खूण असते. आधी संकल्प लिहू नका. आधी जे दिवस आपले नाहीत ते खोडा. आश्विन आणि कार्तिक हे शरदाचे दोन महिने, यंदा ११ ऑक्टोबर ते ८ डिसेंबर धरले तर ५९ दिवस. मी खोडत गेले. नवरात्र आणि दसरा, १० दिवस. कोजागिरी आणि तिच्या दुसऱ्या दिवशीची झोप, २. ऑडिट असलेल्यांची इन्कम टॅक्सची रिटर्नं ३१ ऑक्टोबरपर्यंत भरायची असतात, त्याचे ५. फराळ, बोनसचे कागद आणि दिवाळी मिळून ११. माहेरी बार्शीला ३. उरले २८.

अठ्ठावीस हा आकडा बघून आधी रडू आलं, मग बरं वाटलं. दरवर्षी मी साठ दिवसांचा संकल्प अठ्ठावीस दिवसांत कोंबत होते हे तेव्हा कळलं.

पायाच्या मापापेक्षा मोठा संकल्प

इथे मला जरा थांबायचंय, कारण ही चूक मी पायांनी केलेली आहे.

कोजागिरीला सोलापुरातून तुळजापूरला चालत जाणाऱ्यांचा लोंढा ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. म्हातारी माणसं, कडेवर पोर घेतलेल्या बायका, अनवाणी पोरं, रात्रभर रस्ता वाहत असतो. सुमारे ४५ किलोमीटर. गेल्या वर्षी घटस्थापनेला मी जाहीर केलं की यंदा मीही जाणार. तोवरचं माझं सगळ्यात लांबचं चालणं म्हणजे घरापासून संभाजी तलावापर्यंत. पंधरा दिवसांत सराव करायचा ठरवलं आणि सराव झाला चार वेळा. वर नवरात्राच्या सेलमधले नवे कोरे बूट. तामलवाडीच्या आसपास दोन्ही टाचांना फोड आले आणि मी बसले ती उठलेच नाही. घरी कशी पोचले ते इथे सांगत नाही.

चूक अंतराची नव्हती. ४५ किलोमीटर माणसं चालतातच. चूक ही की घरात, कारखान्यात, नणंदेला फोनवर, सगळीकडे मी शेवटचा टप्पा सांगितला आणि मधला एकही ठरवला नाही. आज किती, येत्या रविवारी किती, त्याच्या पुढच्या रविवारी किती, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. सहज जमतंय तिथून सुरुवात करून दर आठवड्याला थोडं थोडं वाढवायचं, बूट आधी महिनाभर घालून मऊ करायचे, मोजे सुती नकोत कारण ते घामाने ओले होऊन पाय सोलतात. हे सगळं मला नंतर आमच्या शेजारच्या काकूंनी सांगितलं. त्यांच्या किती वाऱ्या झाल्या ते त्याच मोजत नाहीत. मी आधी विचारलंच नव्हतं.

यंदा माझं लक्ष्य तुळजापूर नाही. त्याच वाटेवर, पण बरंच अलीकडे असलेल्या हिप्परग्याच्या तलावापर्यंत जायचं, चहा प्यायचा, परत यायचं. ऐकणारे हसतात. हसू देत.

वेळ ठरवताना सूर्याला आणि नळाला न विचारणं

"संध्याकाळी कामावरून आले की चालायला जाईन." सप्टेंबरात हे जमतं. सोलापुरात २३ सप्टेंबरच्या आसपास सूर्य सहा वाजून वीस मिनिटांनी मावळतो. ऑक्टोबरच्या अखेरीस तो सहाच्या आतच गुडूप होतो आणि नोव्हेंबरात पावणेसहापर्यंत येतो. तुमची सुटायची वेळ तीच राहते, उजेड अर्ध्या तासाने कमी होतो. मग एक दिवस अंधार पडला म्हणून राहतं, दुसऱ्या दिवशी कुत्री भुंकली म्हणून. आपण म्हणतो आळस केला. त्यातला निम्मा दोष पंचांगाचा असतो.

सकाळकडे वळावं तर सूर्योदयही सव्वासहावरून साडेसहाकडे सरकतो. तरीही ऑक्टोबरात आपल्याकडे सकाळच बरी. शरदाचं चांदणं कवितेत ठीक आहे, दुपारी दोनला सात रस्ता चौकात उभं राहिलं की खरा शरद कळतो. पाऊस गेलेला, थंडी आलेली नाही, ऊन चटके देतं. या महिन्यात दुपारच्या सुट्टीत काहीतरी करायचं ठरवणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.

आणि नळ. आमच्या भागात पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि कधी येईल याची वेळ धड नसते. पाण्याच्या दिवशी सकाळी सहाचा कुठलाही संकल्प टिकत नाही. हे मला पहिल्या वर्षीच कळायला हवं होतं, पण मी प्रत्येक वेळी "आज राहिलं" म्हणून खट्टू होत राहिले. आता पाण्याचा दिवस हा सुट्टीचाच दिवस. ठरवून घेतलेली सुट्टी मोडत नाही.

याच पाण्याची आणखी एक बाजू आहे. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप, हौद घासून कोरडे करायचे. घरात एकाला ताप आला की दोन आठवडे गेले, अठ्ठावीसातले.

उपवासाला डाएट समजणं

थोडक्यात सांगते. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साधारण ३५० कॅलरी असतात, तांदळाइतक्याच, आणि प्रथिनं जवळजवळ शून्य. त्यावर दाण्याचं कूट आणि तूप. नवरात्राचे उपवास श्रद्धेने करा, मीही करते. पण वजन कमी करायचं खातं त्यात उघडू नका. दसऱ्याला काट्यावर उभं राहून नाराज व्हाल आणि तो राग फराळाच्या चकलीवर निघेल.

हातात न आलेल्या पैशांवर बचत ठरवणं

दरवर्षी दिवाळीआधी कुणी ना कुणी टेबलाशी येऊन विचारतं, "मॅडम, यंदा एक पगार पक्का ना?" कायद्यानुसार किमान बोनस ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाचा बारावा भाग, म्हणून लोक एक पूर्ण पगार धरून चालतात. पण हिशेबाला धरायच्या पगाराला मर्यादा असते, त्यामुळे हातात येणारा आकडा बऱ्याचदा कमी निघतो. काही ठिकाणी मालक जास्तही देतात, ती वेगळी गोष्ट. तोवर नवी पेठेत खरेदी झालेली असते आणि "बोनसमधून दहा हजार बाजूला" हा संकल्प उधारीत निघालेला असतो. बचत करायचीच असेल तर ऑक्टोबरच्या पगारातून, तो आल्याच्या दिवशी, पाचशे का होईनात. बोनस आला तर वरकमाई समजायची.

एक दिवस चुकला की वही मिटणं

एकवीस दिवसांत सवय लागते असं सगळे सांगतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना एकेक साधी सवय लावायला सांगून हे प्रत्यक्ष मोजलं. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाच्या बाबतीत हिशेब २५४ वर गेला. म्हणजे आपला अख्खा शरद सरासरीपेक्षा सात दिवसांनी लहान आहे. दिवाळीपर्यंत सवय लागली नाही म्हणून स्वतःला बोल लावायचं कारणच नाही, ती सहसा एवढ्यात लागतच नाही.

त्याच अभ्यासातली माझ्या जास्त कामाची गोष्ट वेगळी आहे: मध्ये एखादा दिवस चुकला तर सवयीवर फारसा परिणाम झाला नाही. आपण मात्र एका खाड्याला सगळं व्रत मोडलं असं धरतो. खातेवहीत एखादी नोंद राहून गेली तर आम्ही वही जाळत नाही. दुसऱ्या दिवशी घालतो आणि पुढे जातो.

दोन दिवस सलग चुकले तर मात्र बघावं. माझा अनुभव असा की तेव्हा दोष मनाचा कमी आणि वेळेचा जास्त असतो. वेळ बदला. आठवडा गेला तर लक्ष्य निम्मं करा आणि तेवढंच धरून ठेवा. दिवाळीत सगळंच बंद पडणार आहे, म्हणून पुन्हा सुरू करायची तारीख आत्ताच लिहून ठेवा. माझी १५ नोव्हेंबर आहे, बार्शीहून आल्याच्या दुसऱ्या दिवशीची.

यंदा मी दोनच गोष्टी ठेवल्यात. एक हिप्परगा. दुसरी, तेलुगू अक्षरं वाचायला शिकायची. सोलापुरात जन्म गेला, पूर्व भागातल्या तेलुगू पाट्यांखालून रोज जाते, निम्मा कारखाना तेलुगूत बोलतो, आणि मला एक अक्षर येत नाही. आमचे जॉबर, म्हणजे माग सांभाळणारे, अण्णा शिकवायला तयार झाले. म्हणाले, "अक्का, छप्पन्न अक्षरं हायेत." मी लगेच भागाकार केला: अठ्ठावीस दिवस, रोज दोन. इतका चोख ताळा जमला की हिशेबवाल्या माणसाला संशय येतो, म्हणून रोज एकच ठरवलं. उरलेली संक्रांतीनंतर, गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेची, गर्दी ओसरली की.

पहिलं अक्षर अण्णांनी टॉवेलच्या लेबलामागे लिहून दिलंय. ते डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलंय, कारण मी कितीही कामात असले तरी डबा उघडतेच.