झडती, जप्ती आणि परवान्याची बंदूक : या चुका टाळा

कोकणातल्या तालुका कोर्टात वकिली करायची म्हटलं की शेतीसंरक्षणाच्या बंदुकांची प्रकरणं येणारच. वानर नारळ पाडतात, डुकरं उभं भात लोळवतात, म्हणून बागायतदाराकडे ठासणीची नाहीतर एकनळी काडतुसाची बंदूक असते. सराईत गुन्हेगाराला कायदा बरोबर ठाऊक असतो. चुका करतात ती सरळ माणसं, आणि दर निवडणुकीला त्याच करतात.

अमेरिकेतले व्हिडिओ बघून हक्क सांगणं

बंदूक बाळगण्याचा घटनादत्त हक्क अमेरिकेत आहे, आपल्याकडे नाही. आपल्या घटनेचं कलम १९ ‘शांततेने व विनाशस्त्र’ एकत्र जमू देतं. कलम २५ मध्ये शिखांच्या कृपाणाची सोय आहे, बारा बोअरची नाही. बंदूक मिळते ती १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालच्या परवान्यावर. ‘झडती बेकायदा म्हणजे केस खलास’ हेही तिकडचंच. झडतीत खोट निघाली म्हणून सापडलेला पुरावा आपोआप बाद होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच पूरनमल प्रकरणात सांगितलंय. खोटीचा उपयोग होतो, पण तो कोर्टात, उलटतपासणीच्या वेळी. दारात आडवं पडून होत नाही. तिथे हुज्जत वाढली की सरकारी कामात अडथळ्याचा दुसरा गुन्हा फुकट पदरात पडतो.

फोन आला म्हणून बंदूक नेऊन देणं

हा माझा खास राग. आचारसंहिता लागली की ठाण्यातून फोन येतो, ‘बंदूक जमा करा.’ माणूस दुचाकीवर बंदूक आडवी बांधतो, देऊन येतो आणि बाजारहाट करून घरी जातो.

एका काजू-बागायतदाराने हेच केलं. ‘पावती घेतलीस?’ म्हणून विचारलं तर म्हणाला, ‘वकीलसाहेब, हवालदार ओळखीचो आसा.’ निवडणुकीचा निकाल लागेपर्यंत ओळखीच्या हवालदाराची बदली झाली होती. नव्या कारकुनाने रजिस्टर उघडलं, तर त्यात बंदुकीच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे उलटे पडलेले. परवान्यावर एक नंबर, रजिस्टरात दुसरा. कारकून म्हणाला, ही बंदूक तुमची नाही. त्याच्या बाजूने बघितलं तर तो चुकलाही नव्हता. त्यातच परवान्याचं नूतनीकरण आलं आणि तिथे शस्त्र समोर दाखवा म्हणाले. शेवटी विक्रेत्याचं जुनं बिल शोधून काढलं, जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या शस्त्र शाखेत अर्ज केला, ठाण्याला त्याची प्रत दिली. बंदूक परत मिळाली तेव्हा नळी आतून गंजलेली होती आणि भाताचा हंगाम डुकरांनी आटोपला होता.

सरसकट सगळ्यांच्या बंदुका गोळा करणं बरोबर नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने २००९ सालीच सांगितलंय. निवडणूक आयोगाच्या सूचनाही तशाच आहेत : छाननी समितीने प्रत्येक परवानाधारकाचा वेगळा विचार करायचा. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत नाव आलेले, यांच्याकडे आधी बघायचं. शस्त्र जमा करून घेताना पावती द्यायची आणि निकालानंतर आठवडा उलटला की परत करायचं. तेव्हा फोन आला की नम्रपणे म्हणा, ‘साहेब, लेखी नोटीस द्या, लगेच आणतो.’ नोटीस आली की मात्र मुकाट न्या. लेखी आदेश मोडणं हा वेगळा गुन्हा आहे, तिथे शहाणपणा नको.

माझ्या अशिलांना मी एक शिस्त लावली आहे. नेण्याआधी नंबर दिसेल असा फोटो काढायचा. नळीला तेल द्यायचं. काडतुसं मोजून त्यांचा आकडा अर्जात लिहायचा. अर्जाच्या दोन प्रती करायच्या आणि दुसरीवर शिक्का व आवक क्रमांकासह पोहोच घ्यायची. ठाणे अंमलदार ‘नंतर या’ म्हणाला तर बाकावर बसायचं. ‘एवढं कोण करतं’ म्हणणारे वर्षभरात माझ्याकडेच येतात, तेव्हा फी जास्त असते.

न वाचता पंचनाम्यावर सही

‘वॉरंट दाखवा’ हे वाक्य सगळ्यांना पाठ, पुढचं कुणालाच नाही. तपास चालू असताना पोलीस वॉरंटशिवायही झडती घेऊ शकतात. मात्र भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १८५ प्रमाणे त्याची कारणं आधी लिहून काढावी लागतात आणि त्या नोंदीची प्रत ४८ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्याकडे जावी लागते. अर्ज केला तर घरमालकाला ती फुकट मिळते. हा अर्ज करणारा माणूस मी क्वचितच पाहिलाय.

झडतीला परिसरातले दोन प्रतिष्ठित, तटस्थ पंच लागतात. तुम्हाला किंवा तुमच्या माणसाला हजर राहू द्यावं लागतं आणि जप्त वस्तूंच्या यादीची प्रत द्यावी लागते. १ जुलै २०२४ पासून झडती-जप्तीचं चित्रीकरणही सक्तीचं आहे. म्हणून प्रत्येक खोलीत पोलिसांबरोबर फिरा. चहा करत स्वयंपाकघरात बसू नका! पंचनामा वाचा, कोऱ्या कागदावर सही करू नका, नंबर आणि नग जुळवून बघा. त्याच रात्री वहीत सगळं उतरवा : वेळ, आलेल्यांची नावं, बक्कल नंबर, पंच कोण, चित्रीकरण केलं की नाही. सहा महिन्यांनी कोर्टात तुम्हाला यातलं काहीही आठवणार नाही.

घरातल्या बाईची अंगझडती बाईनेच घ्यायची. यावर वाद नको, आग्रह हवा.

किरकोळ वाटणाऱ्या चुका

बंदूक मेहुण्याकडे ठेवून मुंबईला जाणं : परवाना तुमचा आहे, मेहुण्याचा नाही.

वडील वारल्यावर त्यांची बंदूक माळ्यावर तशीच राहू देणं. परवाना त्यांच्याबरोबर संपला, आता ती तुमच्याकडे बेकायदा आहे. ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि मग वारस म्हणून अर्ज करा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदुकीला किमान २ वर्षांची कैद आहे, ‘बाबांची आठवण’ हा बचाव तिथे चालत नाही.

परवाना निलंबित झाला तर कारणं लेखी मागा. शस्त्र अधिनियमाच्या कलम १७ प्रमाणे ती नोंदवावीच लागतात, आणि कलम १८ खाली अपील आहे. अपिलाला मुदत असते, आमदाराच्या घरी चकरा मारण्यात ती घालवू नका.

गुन्ह्यात जप्त झालेली बंदूक खटला संपेपर्यंत मिळणारच नाही, असं धरून बसू नका. मुद्देमाल ठाण्यात कुजत ठेवू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई देसाई प्रकरणात म्हटलंय. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करता येतो. अर्जाबरोबर चालू परवान्याची प्रत लावा, तीच नसेल तर आधी नूतनीकरण उरकून घ्या.