टाइलवर १४, यादीत ४०: बिझनेस सेंट्रलमध्ये फिल्टर लावलेली यादी नेमकी कशी उघडावी

मायक्रोसॉफ्टच्या बिझनेस सेंट्रल या हिशेबाच्या प्रणालीवर चालणारी, इंदूरच्या सियागंजातली घाऊक किराणा पेढी धरा. मुनीमजींना पहिल्या पानावर ‘मुदत उलटलेली बिलं : १४’ अशी टाइल दिसते. त्यावर क्लिक केलं की ४० नोंदींची यादी उघडते. असं एकदा झालं तरी मुनीमजी पुन्हा वही काढतात, आणि त्यात त्यांचं काहीच चुकत नाही.

पान उघडणं हा यातला सोपा भाग आहे. कस्टमर लेजर एन्ट्रीचा (टेबल २१, ग्राहकांच्या खात्यांवरच्या नोंदी) रेकॉर्ड व्हेरिएबल घ्या, फिल्टर लावा, पेज-रन या पान उघडणाऱ्या आज्ञेला पान २५ (त्याच नोंदींची यादी) आणि तोच व्हेरिएबल द्या. पानाच्या जागी शून्य दिलंत तर टेबलाचं ठरलेलं लुकअप पेज उघडतं. आकडा फ्लोफील्डमधून (प्रणाली स्वतः मोजते त्या फील्डमधून) येत असेल तर ड्रिलडाउन, म्हणजे आकड्यावर क्लिक करून त्यामागच्या नोंदी उघडणं, आपोआप होतं, तिथे हात लावू नका. आकडा कोडने मोजत असाल तरच ऑन-ड्रिलडाउन (त्या क्लिकवर चालणारा कोड) लिहा.

मोजणीचा आणि यादीचा फिल्टर मात्र दोनदा लिहू नका. ‘आधी मोजणीचा कोड लिहा, मग कॉपी करून ड्रिलडाउनमध्ये टाका’ हा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. तो घातक आहे. चार महिन्यांनी कुणी तरी मोजणीत ‘फक्त इन्व्हॉइस’ अशी अट घालतं आणि ड्रिलडाउनमध्ये घालायला विसरतं. एकच प्रोसीजर करा : ओपन म्हणजे चालू नोंदी, दस्तऐवजाचा प्रकार इन्व्हॉइस, देय तारीख आजच्या आधीची. टाइल त्यावर काउंट करील, ड्रिलडाउन त्यावर पेज-रन करील. त्या प्रोसीजरच्या पॅरामीटरला ‘व्हार’ लावायला विसरू नका. नाही लावलंत तर फिल्टर रेकॉर्डच्या प्रतीवर लागतात, परत येत नाहीत आणि अख्खं टेबल उघडतं. एरर कसलीच येत नाही, म्हणूनच ही चूक लवकर सापडत नाही.

‘आज’ म्हणजे कोणती तारीख, हेही त्याच प्रोसीजरमध्ये ठरवा. मार्चअखेरच्या नोंदी टाकायला मुनीमजी वर्कडेट (प्रणालीत हाताने बदलता येणारी कामाची तारीख) ३१ मार्चवर नेऊन ठेवतात. तुम्ही वर्कडेट वापरली असेल तर थकबाकीचा आकडा त्या दिवशीचा दिसतो. वसुलीसाठी खरी आजची तारीखच घ्या.

आता फिल्टर लावायच्या दोन आज्ञांपैकी कोणती, सेट-रेंज की सेट-फिल्टर. हे नीट वाचा. एकच किंमत हवी असेल तर नेहमी सेट-रेंज. सेट-फिल्टरला दिलेला मजकूर हा फिल्टरचं वाक्य म्हणून वाचला जातो. ग्राहकाचा कोड ‘जे&के’ असेल आणि तो तसाच सेट-फिल्टरमध्ये टाकलात, तर कोड ‘जे’ही असावा आणि ‘के’ही असावा, असा अर्थ लागतो; यादी रिकामी. उभी रेघ, तारांकन, कंस, दोन टिंबं, सगळ्यांना तिथे वेगळा अर्थ आहे. व्यापारी पेढ्यांच्या नावांत आणि कोडांत ही चिन्हं सर्रास असतात.

रिकामी किंमत त्याहून वाईट. नवीन ग्राहकाच्या कार्डाला अजून क्रमांक मिळालेला नाही आणि कुणी यादी उघडायचं बटण दाबलं. सेट-रेंजला रिकामी किंमत मिळाली तर ते क्रमांक नसलेल्या नोंदी शोधतं, यादी रिकामी येते, काही बिघडत नाही. सेट-फिल्टरला रिकामा मजकूर मिळाला तर ते त्या फील्डवरचा फिल्टरच काढून टाकतं, आणि एका ग्राहकाच्या जागी सगळ्या बाजाराची उधारी पडद्यावर येते. म्हणून क्रमांक रिकामा असेल तर पहिल्याच ओळीत एक्झिट करा.

तुलना किंवा ‘हे किंवा ते’ हवं असेल तेव्हाच सेट-फिल्टर वापरा, आणि तेही टक्के-एक, टक्के-दोन (%1, %2) अशा जागा ठेवून, किमती वेगळ्या देऊन. तारीख हाताने मजकुरात जोडू नका. ०३-०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, हे वापरणाऱ्याच्या रीजन सेटिंगवर ठरतं.

फिल्टर वापरणाऱ्याला काढता येऊ नये असं वाटत असेल तर फिल्टर-ग्रुप २ मध्ये (वापरणाऱ्याला न दिसणाऱ्या फिल्टरांच्या गटात) लावा आणि लगेच ग्रुप ० या नेहमीच्या गटावर परत या. परत आला नाहीत तर पुढचे सगळे फिल्टर अदृश्य गटात जातात. पण ग्रुप २ ला सुरक्षा समजू नका. तोच माणूस शोधपेटीतून ते पान थेट उघडू शकतो. दुसऱ्याची खाती दिसू नयेत असं असेल तर परमिशन सेटमध्ये (वापरणाऱ्याच्या परवानग्यांच्या संचात) सिक्युरिटी फिल्टर लावा.

यादी फक्त दाखवायची असेल तर पेज-रन. त्यातून नोंद निवडून परत यायचं असेल तरच रन-मोडल; त्यात पान बंद होईपर्यंत कोड थांबतो. मॉडिफाय किंवा इन्सर्टनंतर (नोंद बदलल्यावर किंवा घातल्यावर) रन-मोडल केलंत तर एरर येते. ती घालवायला मध्ये कमिट (तोवरचे बदल कायम करणारी आज्ञा) टाकू नका. पुढे काही अडलं तर अर्धवट नोंदी कायमच्या राहतात.

अजूनही यादी चुकत असेल तर त्या पानाचा ऑन-ओपन-पेज (पान उघडताना चालणारा कोड) बघा. तिथे त्याच फील्डवर सेट-रेंज असेल तर तुमचा फिल्टर पुसला जातो. कंट्रोल-ऑल्ट-एफ१ दाबून पेज इन्स्पेक्शन उघडा, फिल्टरांच्या टॅबवर खरोखर काय लागलंय ते दिसेल.

देण्याआधी तीन खाती तपासा : कोडात ‘&’ असलेलं, क्रमांक न मिळालेलं आणि एकही बिल न थकलेलं. क्रमांक न मिळालेल्यात यादी उघडायलाच नको, आणि शेवटच्यात ती रिकामी यायला हवी.