बोटीचं इंजिन तापतंय? आधी पाण्याची वाट धरा

गेटवेहून मांडव्याला निघालं, अर्धी वाट झाली आणि टेंपरेचरचा काटा वर सरकायला लागला, की हात आपोआप किल्लीकडे जातो. थांबा. अलार्म वाजत नसेल तर आधी थ्रॉटल खाली आणा, न्यूट्रल करा. अलार्म वाजत असेल तर मात्र इंजिन लगेच बंद करा. बंद केलंत की पहिलं काम नांगर टाकण्याचं. ओहोटीची ओढ बोटीला कुठे नेईल सांगता येत नाही, आणि आपल्या बंदरात मोठ्या जहाजांची वाट सोडून थांबावं लागतं.

मग इंजिन बंद ठेवून ड्राइव्ह (बोटीच्या मागे पाण्यात उतरणारा, पंखा फिरवणारा भाग) वर उचला आणि इंजिन थंड करणारं पाणी जिथून आत शिरतं त्या जाळीकडे बघा. मुंबईच्या पाण्यात दहातल्या पाच वेळा तिथे प्लास्टिकची पिशवी सापडते, हा माझा हिशेब. दिसली तर काढा. पुढे इंजिन सुरू करून काटा उतरला, तर घरी जाऊन जेवा.

नाही उतरला, तर खरं काम सुरू. बरेच जण इथे सरळ थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला उघडणारी पाण्याची झडप) बदलतात, कारण तो स्वस्त आणि समोर असतो. मीही बदलला होता. पण त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: इंजिन नेमकं कधी तापतं? मंद चालीत तापतं आणि जरा रेस दिली की उतरतं, तर पंप दमलाय किंवा कुठून तरी हवा ओढतोय. मंद चालीत ठीक आणि वेगात तापत असेल, तर पाणी येतंय पण पुरत नाही. म्हणजे वाटेत काहीतरी अडकलंय. थंड इंजिनाला नुसती किल्ली फिरवताच काटा थेट शेवटच्या टोकाला गेला, तर पाण्याचा दोष नाही. सेंडरची, म्हणजे काट्याला तापमान कळवणाऱ्या सेन्सरची, वायर कुठे तरी बॉडीला टेकलीय.

काट्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. थर्मोस्टॅट ज्या धातूच्या घरात बसतो त्यावर धरा आणि काट्याशी ताडून बघा. थेट समुद्राच्या पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात थर्मोस्टॅट बहुधा ६० किंवा ७१ अंशांचा असतो (त्यावर १४० किंवा १६० असं फॅरनहाइटमध्ये कोरलेलं असतं). त्याच्या जवळपास आकडा आला, तर इंजिन निर्दोष आहे, चूक काट्याची.

आता पंप. मर्क्रूझर कंपनीच्या अल्फा वन ड्राइव्हमध्ये तो ड्राइव्हच्या आतच, खालच्या गिअरकेसच्या डोक्यावर असतो. इम्पेलर (पंपातलं रबरी पात्यांचं चक्र) बघायचा तर खालचा भाग उतरवावा लागतो. त्यांच्याच ब्राव्हो ड्राइव्हमध्ये पंप इंजिनाच्या पुढे पट्ट्यावर फिरतो आणि ड्राइव्हमधून पाणी खेचतो. या फरकामुळे तपासायची रीतही बदलते. अल्फावर इंजिनाकडे येणारी होज सोडून तिचं तोंड बादलीत धरा, इंजिन सुरू करा आणि धार बघा. इअरमफ (जाळीवर बसणाऱ्या रबरी वाट्या) लावून नळाचं पाणी दिलं असेल, तर नळाचाच जोर पंपाचा वाटू शकतो, म्हणून बोट पाण्यात असताना केलेली ही चाचणी जास्त खरी. पंधरा सेकंदांहून जास्त नको. तेवढा वेळ इंजिन आणि एक्झॉस्ट कोरडे चालतात. ब्राव्होत पंपाच्या आधीच्या होजमध्ये पारदर्शक नळीचा तुकडा बसवला की बुडबुडे दिसतात. बुडबुडे म्हणजे हवा: सैल क्लॅम्प, चिरलेली होज, नाहीतर वाळलेला ओ-रिंग.

इम्पेलर काढलात तर पाती मोजा. हे मी शिकलो ते एका मिस्त्रीच्या घाईमुळे. त्याने नवा इम्पेलर बसवला, जुना कचऱ्यात टाकला. पंधरा दिवसांनी बोट पुन्हा वेगात तापली. थर्मोस्टॅट झाला, सेंडर झाला, गॅस्केटचीही शंका घेऊन झाली. शेवटी, इंजिनाकडे जाणारं पाणी ज्यातून जातं त्या पॉवर स्टीअरिंगच्या कूलरची होज काढली, तर त्याच्या तोंडाशी काळ्या रबराची दोन पाती आडवी बसलेली, बोटाच्या पेराएवढी. पाण्याला जायला जागा उरली होती ती पेन्सिलच्या जाडीची. गेलेलं प्रत्येक पातं कुठे तरी पुढे गेलेलं असतं. ते हातात येईपर्यंत काम संपलेलं नसतं.

कूलर साफ असेल तर होज दाबून बघा. वरून धडधाकट दिसणाऱ्या होजचं आतलं अस्तर सुटून खेचीबरोबर वाट बंद करतं.

थर्मोस्टॅटची पाळी इथे येते. दोऱ्याला बांधून पाण्याच्या पातेल्यात सोडा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर धरा. कोरलेल्या आकड्याच्या आसपास उघडायला लागला तर परत बसवा.

शेवटी रायझर, म्हणजे एक्झॉस्टचा वर चढणारा, पाण्याने थंड होणारा भाग. चालत्या इंजिनाला दोन्ही बाजूंच्या रायझरवर थर्मामीटर धरा. एक बाजू कोमट आणि दुसरी चटके देणारी असेल, तर गरम बाजूला गंजाचे पापुद्रे साचलेत. खाऱ्या पाण्यात रायझर अधूनमधून काढून बघावेतच. तो आतून फुटला तर पाणी सिलिंडरमध्ये उतरतं, आणि मग खर्च लाखांत जातो.

ज्यांच्या इंजिनात गाडीसारखं बंद कूलंट आहे त्यांनी त्याची पातळी बघावी, पण इंजिन थंड झाल्यावर. गरम झाकण उघडू नका, वाफ थेट तोंडावर येते.

आणखी एक, पावसाळ्याचं. बोट चार महिने वर ओढलेली असते आणि इम्पेलरची पाती एकाच बाजूला मुडपलेली राहतात. रबर तसंच बसतं. त्यामुळे नारळी पौर्णिमेनंतर बोट पाण्यात उतरवण्याआधी मी तो बदलतोच, जुना चांगला दिसला तरी. तारीख आणि पात्यांची संख्या इंजिनाच्या झाकणाच्या आतून मार्करने लिहून ठेवतो.