शिगम्याचे रात्रीचे फोटो आणि आयएसओचे दाणे

गोव्यातल्या फोंड्याच्या शिगम्यात (होळीच्या सणात) रोमटामेळ, म्हणजे नाचत जाणारी मिरवणूक, सुरू होतो तोवर अंधार पडलेला असतो. ढोल-ताशांच्या तालावर माणसं नाचत असतात, म्हणून शटरचा वेग १/१२५ सेकंदापेक्षा मंद केला की हात-पाय पुसट येतात. माझ्या साध्या डीएसएलआरवर १८-५५ ची किट लेन्स आहे. ५५ मिमीला तिचं छिद्र एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं). साहजिकच आयएसओ, म्हणजे फोटो किती उजळ करायचा तो आकडा, ६४०० वर जायचा आणि काळ्या आभाळात लाल-निळे ठिपके, म्हणजेच दाणे, भरायचे.

मुळात आयएसओ वाढवून सेन्सरवर जास्त प्रकाश पडत नाही. कमी प्रकाशातला तोकडा सिग्नल फक्त मोठा होतो, आणि त्याच्याबरोबर त्यातला गोंधळही (नॉइज), तेच हे दाणे.

म्हणून प्रकाशच वाढवला. ५० मिमी एफ/१.८ ही स्वस्तातली लेन्स घेतली. एफ/५.६ च्या तुलनेत ती जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. आयएसओ ८०० वर काम भागलं! फोकसची खोली, म्हणजे जेवढ्या अंतरातलं स्पष्ट येतं ती, मात्र फारच कमी मिळते. त्यामुळे फोकसबिंदू एकच ठेवून तो चेहऱ्यावर धरते.

दुसरं, जेपेग सोडून रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल. फोटो काळोखा काढून नंतर उजळला तर सावल्यांतले दाणे उफाळून येतात. म्हणून पताकांचा पांढरा रंग जळणार नाही (त्यातले बारकावे पुसले जाणार नाहीत) इतपतच एक्स्पोजर वर ठेवते. संगणकावर आधी रंगीत नॉइज काढते. करडे दाणे थोडे राहू देते, नाहीतर घामाने चकाकणारे चेहरे मेणासारखे दिसतात. छापल्यावर ते दाणे डोळ्यांत येतही नाहीत.